पाणी काढायचं, पाणी घालायचं: अरबी ताटातलं विज्ञान

भर श्रावणात गिरगावातल्या चाळींच्या भिंतींनाही ओल धरते. काडेपेटीतली काडी ओढून ओढून पेटत नाही, चिवडा दुपारपर्यंत सादळतो. अशा हवेत पावाचा एक तुकडा ओट्यावर राहिला, की दोन-तीन दिवसांत त्याच्यावर हिरवट-काळी बुरशी आलीच म्हणून समजा. पण त्याच फडताळात, साध्या डब्यात, खजूर मात्र महिनोन्‌महिने मजेत पडून असतात. फ्रीज नको, काही नको.

आहे की नाही गंमत? पाव तर भट्टीत भाजून निघालेला. खजूर पडला फळ! चिकू चार दिवसांत आंबतो, केळी काळी पडतात. मग या एका फळालाच अभयदान कुणी दिलं?

एक खजूर घ्या आणि उभा फाडा. वर सुरकुतलेली पातळ साल, आत तांबूस चिकट गर आणि मध्ये बी. बीभोवती एक पांढरट पापुद्रा असतो, तो हलक्या हाताने सोडवा. बीच्या एका बाजूला लांब, खोल चीर दिसेल. बी उलटी करा. पाठीवर मधोमध एक बारीकसा गोल ठिपका सापडतो का बघा. बी रुजली तर कोंब तिथूनच बाहेर येतो. आता गर जिभेवर ठेवा. किती गोड! असणारच. शंभर ग्रॅम खजुरात साखरच असते साठ ग्रॅमहून जास्त. पाणी असतं साधारण वीस ग्रॅम.

म्हणजे पाणी आहे. अगदीच कोरडा नाही खजूर. मग बुरशीला ते पाणी पुरत का नाही?

कारण ते पाणी मोकळं नाही. साखरेच्या कणांनी ते धरून ठेवलंय. काकडीच्या कोशिंबिरीला मीठ लावून दहा मिनिटं ठेवलं, तर भांड्यात तळाशी पाणी सुटतं ना? मिठाने ते काकडीच्या पेशींमधून ओढून काढलेलं असतं. साखरही हेच करते. बुरशीचा सूक्ष्म बीजाणू खजुरावर येऊन बसला, तर त्याला खजुरातलं पाणी प्यायला मिळणं दूरच, उलट खजूरच त्याच्या अंगातलं पाणी ओढू लागतो. बिचारा वाढणार कसा?

ऑस्ट्रेलियातल्या विल्यम जेम्स स्कॉट नावाच्या शास्त्रज्ञाने १९५३ साली प्रयोग करून दाखवलं, की जंतू वाढणार की नाही हे पदार्थात एकूण पाणी किती यावर ठरत नाही, त्यातलं मोकळं पाणी किती यावर ठरतं. त्यासाठी शून्य ते एक अशी मोजपट्टी वापरतात. शुद्ध पाणी म्हणजे एक. पावाचा आकडा साधारण ०.९५. बहुतेक जिवाणू ०.९ च्या खाली हातपाय गाळतात, बहुतेक बुरशा ०.८ च्या खाली. आपला खजूर या सगळ्यांच्या खाली, ०.६ ते ०.७ च्या आसपास असतो. आणि त्याला तिथे नेऊन ठेवतं कोण? झाडावरचं कडक ऊन. फळ झाडावर असतानाच सुकायला लागतं. पावसाळ्यात आपल्याकडे हातगाडीवर पिवळे-लाल, करकरीत, थोडे तुरट ओले खजूर येतात. ते कच्छचे. ते मात्र आठवडाभरही नीट टिकत नाहीत, कारण त्यांच्यातलं पाणी अजून गेलेलं नसतं. फळ तेच, फरक फक्त पाण्याचा!

आता हे सगळं मी का सांगतेय? तुमच्यापैकी कितीतरी जणांचे काका, मामा, आत्या आखाती देशांत नोकरीला असतात. सुट्टीत तिकडे जाण्याचा बेत ठरला, की पहिला प्रश्न असतो, तिथे खायचं काय? मॉलमध्ये पिझ्झा मिळतोच. पण पिझ्झा दादरलाही मिळतो हो! तिकडे जाऊन तिकडचंच खावं. आणि खाताना प्रत्येक पदार्थाला एक प्रश्न विचारावा. यातलं पाणी कुठे गेलं? किंवा, यात पाणी आलं कुठून? सगळे अरब वाळवंटात राहत नाहीत हं. लेबनॉनमध्ये हिरवे डोंगर आहेत, इराकमध्ये मोठमोठ्या नद्या आहेत. पण ज्यांचे पूर्वज उंटांबरोबर वाळवंटातून फिरले, त्यांनी पाण्याचा विचार आपल्यापेक्षा फार बारकाईने केला. तो त्यांच्या ताटात दिसतो.

आणि हा प्रदेश काही फार लांब नाही. नकाशावर मुंबई ते कोलकाता सरळ रेष ओढा, मग मुंबई ते मस्कत ओढा. मस्कत जवळ निघेल! मस्कत साधारण १६०० किलोमीटर, कोलकाता त्याहून थोडं जास्तच. मधला समुद्र ओलांडून माणसं शेकडो वर्षं ये-जा करत आली आहेत. पावसाळा सरला, दर्या शांत झाला, की इराकमधल्या बसऱ्याकडून लाकडी गलबतं खजुराने भरून मुंबईला यायची. काही गलबतं पुढे मलबारला जायची आणि परतताना सागवानी लाकूड न्यायची, कारण वाळवंटात जहाज बांधायला लाकूड कुठलं? तिकडच्या बाजारात रुपयाही चालायचा. कुवेत, बहारीन, कतार इथे कित्येक वर्षं आपल्याच नोटा वापरत होते. १९५९ साली तर भारताने खास आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या होत्या.

तो खजूर आजही येतो. १८६९ साली बांधून झालेल्या क्रॉफर्ड मार्केटमध्ये, म्हणजे महात्मा जोतिबा फुले मंडईत जा, किंवा रमजानच्या दिवसांत मोहम्मद अली रोडवर मिनारा मशिदीच्या बाजूला एक चक्कर मारा. काळे, तपकिरी, सोनेरी, लांबट, गोल, कोरडे, चिकट, किती जातीचे ढीग! दुकानदाराला विचारा, यातला सगळ्यात कोरडा कुठला आणि सगळ्यात ओला कुठला. दोन्ही घ्या आणि घरी जाऊन कुठला जास्त दिवस टिकतो ते बघा.

खजुराचं पाणी उन्हाने काढलं. दुधाचं कसं काढायचं?

हे तुम्हाला आधीच माहीत आहे! गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी दही पंचात बांधून नळाला किंवा खुंटीला टांगलेलं कुणी पाहिलं नाही? टप… टप… खाली पातेल्यात पिवळसर हिरवट पाणी पडत राहतं. सकाळपर्यंत पुरचुंडी निम्म्याने बारीक होते आणि आत उरतो चक्का. दुधातली केसीन नावाची प्रथिनं आंबटपणामुळे एकमेकांना धरतात आणि त्यांची जाळी तयार होते. पाणी त्या जाळीत अडकलेलं असतं. कापडाने गाळून ते खाली जातं, जाळी वर राहते. त्यात साखर घोटली, वेलची-केशर घातलं, की श्रीखंड.

लेबनॉन, सीरिया, जॉर्डन, पॅलेस्टाईन इथल्या घरांतही पुरचुंडी टांगलेली असते. तिथे त्या चक्क्याला लबने म्हणतात. साखरेऐवजी मीठ घालतात, वरून ऑलिव्हचं तेल ओततात आणि न्याहारीला रोटीशी खातात. तिकडे गेलात तर हा पदार्थ चुकवू नका, आणि पहिल्या घासाला जीभ गोड चवीची वाट बघेल, तेव्हा गोंधळून जाऊ नका. काही जण लबने आणखी घट्ट करून त्याचे लिंबाएवढे गोळे वळतात आणि बरणीत तेलात बुडवून ठेवतात. तेलामुळे हवा लागत नाही. आपल्या आज्या लोणच्यावर तेलाचा थर ठेवतात, तो याचसाठी.

पण खरी कमाल जॉर्डनच्या बदूंची. बदू म्हणजे वाळवंटातले भटके पशुपालक. त्यांच्याकडे शेळ्या-मेंढ्या. वसंत ऋतूत दूध भरपूर, उन्हाळ्यात थेंबभर. मग वसंतातलं दूध उन्हाळ्यासाठी राखून कसं ठेवायचं? दुधाचं दही लावायचं, ते घुसळून लोणी काढायचं, उरलेलं ताक उकळून कापडात बांधून टांगायचं. पाणी निथळलं की त्या घट्ट गोळ्यात मीठ मळायचं, हातात मावतील असे गोळे वळायचे आणि कडक उन्हात वाळत घालायचे. दिवसेंदिवस. शेवटी तो गोळा इतका टणक होतो, की जमिनीवर आपटला तरी फुटायचा नाही. याचं नाव जमीद. कापडातून गळून पाणी गेलं, मिठाने ओढून गेलं, उन्हाने उडून गेलं. एकाच पदार्थातून पाणी काढायच्या तीन रीती! उंटाच्या पाठीवर पिशवीत घालून महिनोन्‌महिने न्या, त्याला काही होत नाही.

आणि खायची वेळ आली की? गोळा फोडून कोमट पाण्यात भिजवायचा, चोळून चोळून विरघळवायचा. पुन्हा दाट, आंबट, पांढरीशुभ्र कढी तयार! त्यात मटण शिजवतात, मोठ्या परातीत पातळ रोटी, वर भात, वर मटण, आणि सगळ्यावर ती कढी. हा जॉर्डनचा मनसफ. लग्न असो, पाहुणे येवोत, मनसफ हवाच. परातीभोवती सगळे जमतात आणि उजव्या हाताने, भाताचा लहानसा गोळा करून खातात. २०२२ साली युनेस्कोने जगाच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत मनसफचं नाव घातलं. मला विचाराल तर ते नाव जमीदचंच असायला हवं होतं, कारण सगळी करामत त्या गोळ्याची आहे.

वाळवण म्हटल्यावर लालबाग आठवल्याशिवाय कसं राहील? एप्रिल-मे महिन्यांत लालबागच्या मसाल्याच्या बाजारात पाऊल टाकलं की आधी शिंक येते, मग दुकानं दिसतात. ब्याडगी, संकेश्वरी, काश्मिरी मिरच्या उन्हात खडखडीत वाळवायच्या, धणे-खसखस भाजायची आणि डंकावर कुटून वर्षाचा मसाला भरून ठेवायचा. पाऊस लागायच्या आत सगळं पाणी हाकलायचं, हाच तो नियम. तिथल्या कुणाला वाळवलेलं अख्खं लिंबू मसाल्यात घालतात असं सांगितलं तर नवल वाटेल. पण ओमानमध्ये घालतात! लहान लिंबं मिठाच्या पाण्यात उकळायची आणि उन्हात टाकायची. ती आधी तपकिरी आणि मग काळी होतात, आकसतात, वजनाला अगदी हलकी होतात. उन्हात लिंबाच्या रसातलं आम्ल, साखर आणि क जीवनसत्त्व यांच्यात बदल होत जातात आणि रंग गडद होतो. मुरलेलं लिंबाचं लोणचं काळपट पडतं, ते आठवा. या काळ्या लिंबाला लूमी म्हणतात. आखातात मचबूस नावाचा मसालेदार भात करतात. त्याच्या तळाशी हे लिंबू टोचे मारून सोडलेलं असतं. भातात एखादा काळा गोळा दिसला तर जळलेलं काहीतरी आहे म्हणून बाजूला काढू नका. नुसता चावूही नका, कडूजहर लागेल! चमच्याने थोडा दाबा, आतला आंबट-धुरकट रस भातात उतरू द्या.

इतका वेळ पाणी काढून टाकत होतो. आता उलटं करू.

पाव किलो काबुली चणे रात्री पाण्यात टाका. सकाळी निथळून वजन करा. जवळजवळ दुप्पट! आता फलाफल नावाच्या अरबी वड्याची गंमत ऐका. हे भिजलेले चणे शिजवायचे नाहीत. कच्चेच वाटायचे, कांदा-लसूण, कोथिंबीर, जिरं घालायचं, गोळे करून तळायचे. आपली आंबेडाळ किंवा डाळवडे आठवा, तेही भिजलेली कच्ची डाळच वाटून करतात. कुणी घाईने चणे उकडून घेतले, तर कढईत वडे विरघळून सुटे होतात. का बरं? चण्यात पिष्टाचे अगदी सूक्ष्म दाणे असतात. साठ-सत्तर अंशांच्या पुढे ते पाणी शोषून फुगतात आणि चिकट होतात. हा चिकटपणा म्हणजे वड्याचा डिंक. कच्चं वाटण तेलात पडलं, की तो डिंक तिथेच, वड्याच्या आत तयार होतो आणि सगळं धरून ठेवतो. चणे आधीच उकडले तर दाणे कुकरमध्येच फुगून बसतात, शिवाय जास्तीचं पाणी घेऊन येतात. तेलात त्या पाण्याची वाफ होते आणि वडा फुटतो. तळायचा प्रयोग मात्र घरातलं मोठं माणूस शेजारी असेल तेव्हाच. इजिप्तमध्ये गेलात तर हाच वडा आतून हिरवागार मिळेल. तिथे चण्याऐवजी फावा नावाचे मोठे चपटे दाणे वापरतात आणि भरपूर हिरवी पानं घालतात.

गहू भिजवून, शिजवून, घोटून केलेला पदार्थ म्हणजे हरीस. गहू, मांस, पाणी, मीठ, वरून तूप. बस. पण वेळ? तासन्‌तास. मंद आचेवर गव्हातलं पिष्ट पाणी पीत राहतं, मांसातले चिवट धागे हळूहळू वितळून त्यांचं जिलेटिन होतं, तेच ते जेलीतलं जिलेटिन. मग लाकडी दांड्याने सगळं घोटतात, इतकं की गहू कुठला आणि मांस कुठलं हे ओळखू येत नाही. हजार वर्षांपूर्वी बगदादमध्ये इब्न सय्यार अल-वर्राक या माणसाने पाककृतींचं मोठं पुस्तक लिहिलं, त्यात हा पदार्थ आहे! हाच पुढे निजामाच्या फौजेतल्या येमेनी अरबांबरोबर हैदराबादेत आला आणि मसाले लेऊन हलीम म्हणून गाजला. २०१० साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. आपल्या मुंबईत त्याचा भाऊ म्हणजे खिचडा. मोहरमच्या दिवसांत भेंडीबाजार, डोंगरीच्या गल्ल्यांत मोठाल्या देगी चढतात आणि त्यात गव्हाबरोबर डाळीही असतात. तुमच्याकडे मांस खात नसतील तर खपली गव्हाची खीर करायला सांगा. तिथेही गहू भिजवून, कांडून, मऊ होईपर्यंत शिजवतात. गव्हातल्या पिष्टाचं काम तुम्हाला त्या वाटीतही दिसेल.

आणि रोटी! अरबी खुब्ज भट्टीतून निघते ती टम्म फुगलेली. आपली भाकरी विस्तवावर फुगते तशीच. एक चमचा पाण्याची वाफ झाली, तर ती सुमारे १६०० चमच्यांएवढी जागा मागते. पिठात कोंडलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट मिळाली नाही, की ते रोटीचे दोन पदर वेगळे करतं. खुब्जची भट्टी फार तापलेली असते, त्यामुळे दोन्ही बाजूंची साल चटकन घट्ट होते आणि वाफ आत अडकते. आजी भाकरी तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात का फिरवते? वरची बाजू वाळून तडकू नये म्हणून. एक बारीकशी चीर पडली तरी वाफ निसटते आणि भाकरी फुगत नाही. अरबस्तानातल्या लोकांना त्या फुगलेल्या रोटीचा आणखी एक उपयोग कळला. पदर वेगळे झाले की मध्ये आयती खोबणी तयार होते. त्यात फलाफल भरा, कोशिंबीर भरा, आणि चालता चालता खा.

जेवण झालं की कहवा येईल. अरबी कॉफी फिकट पिवळसर असते, कारण बिया अगदी हलक्या भाजलेल्या असतात. तिच्यात वेलची असते आणि साखर नसते. बशीत खजूर ठेवलेले असतात. आधी खजूर खायचा, मग कडू घोट घ्यायचा, म्हणजे दोन्हींची चव खुलते. कप कानाशिवायचा आणि इवलासा असतो. त्याला फिंजान म्हणतात, आणि तो उजव्या हातातच घ्यायचा. घोटभर कॉफी संपली, की वाढणारे काका न विचारता पुन्हा ओततात. "नको, नको" म्हणून उपयोग नाही. पोट भरलं असेल, तर रिकामा कप हातातच दोन-तीनदा हलकेच डावी-उजवीकडे हलवायचा आणि मग परत द्यायचा. "पुरे झालं, आभारी आहे" असा त्याचा अर्थ, आणि तो मस्कतपासून कुवेतपर्यंत सगळ्यांना कळतो.